टेबलामागची भिंत

डायनिंग रूम हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना फक्त फ्लॅटच्या जाहिरातीत भेटतो. भाड्याच्या घरात प्रत्यक्षात काय असतं? हॉलचा किचनकडचा कोपरा, एक फोल्डिंग टेबल, दोन धड आणि दोन डगमगत्या खुर्च्या. मागच्या भिंतीवर आमटीचे शिंतोडे, आधीच्या पोरांनी उपटलेल्या पोस्टर्सच्या खुणा आणि खुर्ची घासून पडलेला काळा पट्टा. मग काय, जो तो ताट घेऊन आपापल्या बेडवर, सोबतीला मोबाइल.

भिंत छान झाली की चौघंही एकत्र जेवायला लागतील, अशी गॅरंटी मी देणार नाही. पण तिथे बसावंसं तरी वाटेल. त्यासाठी अख्खा हॉल रंगवायची गरज नाही, ही एकच भिंत पुरते. खाली रंग, वर वॉलपेपर आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे बॉर्डर.

आयडिया फॉरेनची वाटतेय? जुनी चाळ, सरकारी शाळा नाहीतर एसटी स्टँड आठवा. खाली तीन-चार फुटांपर्यंत गडद ऑइलपेंट, वर फिका रंग, मध्ये बोटभर रेघ. यालाच डॅडो म्हणतात. पाठ, हात, चपला सगळं भिंतीला खालीच लागतं आणि ऑइलपेंट ओल्या फडक्याने पुसता येतो, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. जेवणाच्या भिंतीलाही हेच हवं. त्यामुळे वॉलपेपर खाली आणि रंग वर, असं उलटं करू नका. डाळीचा एक डाग पडला की कागद गेला.

बॉर्डरची उंची खुर्चीवर ठरते. खुर्चीची पाठ साधारण तीन फुटांवर येते, बॉर्डर त्याच्या जरा वर घ्या. टेबलच नसेल आणि तुम्ही खाली बसून जेवत असाल, तर भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या डोक्याचा तेलकट गोल कुठे उमटतो ते बघा (प्रत्येक फ्लॅटमध्ये असतोच!) आणि बॉर्डर त्याच्या वर न्या.

आता कटकटीची बाजू. माझ्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये चौघींनी मिळून स्टिकरवाला वॉलपेपर लावला होता. दिसायला एकदम भारी. अकरा महिन्यांनी घर सोडताना तो काढला, तर कागदासोबत रंगाचे पापुद्रेही निघाले. घरमालकांनी रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतले. दोघींचं त्यावरून अजून बोलणं नाही. म्हणून आधी परवानगी, तीही व्हॉट्सअॅपवर लिहून, आणि भिंतीचे फोटो तारखेसकट. ‘काका हो म्हणाले होते’ हे शेवटच्या दिवशी चालत नाही.

मग भिंतीवर तळवा घासून बघा. पांढरी पूड लागली तर त्यावर काहीच धड चिकटणार नाही. घासून, पुसून प्राइमर मारावाच लागेल. ओलीची शंका असेल तर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर वॉलपेपर विसरा, रंगही थांबवा. आधी गळती शोधायची, आणि ते घरमालकांचं काम आहे. जून ते सप्टेंबरमध्ये तर मी या भानगडीत पडणारच नाही.

वॉलपेपर घेताना हिशेब नीट करा. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. भिंत ८ फूट रुंद असेल आणि बॉर्डरच्या वर ६ फूट उरत असतील, तर पाच पट्ट्या लागतात, म्हणजे ३० फूट. एका रोलमध्ये बसतं. पण मोठ्या फुलांचं डिझाइन घेतलं तर जुळवाजुळवीत कागद वाया जातो आणि दुसरा रोल आणावा लागतो. छोटी नक्षी किंवा उभ्या रेघा घ्या, स्वस्तात सुटाल.

खरी मजा बॉर्डरमध्ये आहे. विकतच्या पट्ट्या मिळतात, पण जुन्या एक्स-रे फिल्मवर नक्षी कापून स्टेन्सिल करा ना! नऊवारीचा काठ, रांगोळीची वेल, काहीही. आधी लेव्हल बघून पेन्सिलने आडवी रेघ मारा, मोबाइलमध्ये त्याचं अॅप असतं. भिंतीच्या मध्यापासून दोन्हीकडे जात राहा, म्हणजे अर्धवट तुकडे कोपऱ्यात जातात. रंग ब्रशवर अगदी कमी घ्या आणि ब्रश फिरवू नका, नुसता टेकवा. नाहीतर रंग फिल्मखाली पसरतो.

डॅडोचा रंग पूर्ण वाळला की मगच बॉर्डर आणि वॉलपेपर. ऑइलपेंटला निदान एक रात्र द्या, खिडक्या उघड्या ठेवा. त्या रात्री जेवण मात्र बेडवरच.