खाटेचे चार कोपरे



अर्धांगवायूच्या रुग्णाला रुग्णालयातून सुट्टी मिळते, तेव्हा नातेवाइकांच्या हातात एक कार्ड पडते. त्यावर रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, फिजिओथेरपी आणि पुन्हा दाखवण्याची तारीख लिहिलेली असते. रात्री दोन वाजता रुग्णाची कूस कोण बदलणार, हे मात्र कोणत्याच कार्डावर नसते. अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी अशी कितीतरी कार्डे नातेवाइकांना समजावून दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये असेच एक कार्ड माझ्या स्वतःच्या घरी आले. रुग्ण होती माझी पत्नी, वय ५३, प्राथमिक शाळेत शिक्षिका.

आम्हा ख्रिस्ती लोकांत संकटातून पार पडल्यावर घरी मंडळीला बोलावून ‘उपकारस्तुती’ची सभा घेण्याची पद्धत आहे. आमची सभा झाली. पण त्या दिवसांत जे शिकायला मिळाले ते साऱ्यांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून आजचा लेख.

पहिले साडेचार तास

सकाळी सव्वासात वाजता चहा ओतताना तिच्या हातातून गाळणे पडले. तोंड डावीकडे ओढले गेले, उजवा हात उचलेना आणि बोलायला गेली तर शब्द फुटेना. मुलाने गाडी काढली. नऊच्या सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणी सी. टी. स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वेळेत मिळाले. हे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि जितके लवकर तितके चांगले. म्हणून चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले, तरी तेल चोळत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

जीव वाचला. पण उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. अकराव्या दिवशी आम्ही तिला घरी आणले.

चौघे हवेत

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावची एक गोष्ट आहे. एका पक्षघाती माणसाला चौघे जण खाटेवर घालून येशूकडे आणतात. गर्दीमुळे दारातून वाट मिळत नाही, तेव्हा ते छप्पर उसकटून खाट खाली सोडतात. आमचे पाळकसाहेब घरी आले, त्यांनी हा भाग वाचला, प्रार्थना केली आणि वही-पेन मागवले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, खाटेला कोपरे चार असतात. एकट्या घराने चारही धरले तर वाटेत खाट पडेल. कोणता कोपरा कोण धरणार ते आत्ताच लिहू.”

पहिला कोपरा घराचा. मुलगा, सून, माझी धाकटी बहीण आणि मी अशा रात्रीच्या पाळ्या लागल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला, कमरेला शय्याव्रण होत नाहीत. लुळा हात धरून रुग्णाला कधी ओढायचे नाही, त्याने खांदा निखळतो.

दुसरा कोपरा जेवणाचा. मंडळीतील भगिनींनी आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार वाटून घेतले. कमी मिठाचे, मऊ जेवण रोज एका घरून येई. सुरुवातीला तिला पातळ पदार्थांनी ठसका लागे. ठसक्याने अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून तिला बसवूनच, लहान चमच्याने, घट्टसर भरवायचे असे. हे त्या साऱ्याजणी आधी शिकून गेल्या.

तिसरा कोपरा जाण्यायेण्याचा. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा बावीस किलोमीटर जावे लागे. मंडळीतील एका तरुणाची प्रवासी जीप होती. त्या तीन दिवशी तो पहिली फेरी आमची करी. डिझेलचे पैसे तेवढे घेई.

चौथा कोपरा गाण्याचा. हा औषधाच्या कार्डावर कधीच नसतो.

बोलता येईना, पण गाता येई

आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे इथल्या मंडळ्यांना मराठी गीतांची मोठी परंपरा आहे. नारायण वामन टिळकांची गीते आमच्या घराघरांत पाठ असतात. दर बुधवारी संध्याकाळी दहा-बाराजण आमच्याकडे येऊन तिच्या पलंगाभोवती ‘उपासना संगीत’मधली गीते म्हणत. तिसऱ्या बुधवारी, ‘पाणी’ हा शब्दही ज्या तोंडून येत नव्हता त्या तोंडून गीताची एक ओळ शब्दांसकट बाहेर पडली. सून स्वयंपाकघरातून धावत आली. “पप्पा, आई गातात!”

याला चमत्कार म्हणण्याचे कारण नाही, पण आनंद मानण्याचे जरूर आहे. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते, तर चाल आणि सूर यांत उजवा भागही मोठे काम करतो. म्हणून वाचा गेलेले काही रुग्ण पाठ असलेले गाणे म्हणू शकतात. याच आधारावर सूर लावून वाक्ये शिकवण्याची एक उपचारपद्धती अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९७३ मध्ये मांडली. गाता आले म्हणजे बोलणे लगेच परत येते असे नाही, त्यासाठी वाचा-उपचार करावेच लागतात. पण रुग्णाला ‘माझ्यात अजून काही शिल्लक आहे’ हे कळते. अर्धांगवायूच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, हे लक्षात घेतले तर त्या एका ओळीची किंमत कळेल.

प्रार्थना आणि गोळी

मधल्या काळात बाहेरगावचे एक गृहस्थ भेटायला आले. गोळ्या घेणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे, असे त्यांनी तिच्या उशाशी बसून सांगितले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पाळकसाहेबांनी शांतपणे उत्तर दिले, “शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलाने त्याला वैद्यकी सोडायला लावल्याचे मी कुठे वाचले नाही.”

डॉक्टर म्हणून मीही स्पष्ट सांगतो. अमेरिकेत १८०२ बायपास रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. मी रोज प्रार्थना करतो, पण गोळीच्या ऐवजी नाही. मात्र २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आमच्या मंडळीची प्रार्थना दुरून नव्हती. ती डबा घेऊन दारात येत होती.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

तिसऱ्या महिन्यात सुनेचे वजन उतरले, कंबर धरली, भांडी घासताना ती रडू लागली. भेटायला येणारा प्रत्येकजण रुग्णाची चौकशी करतो, सांभाळणारीची कोणी करत नाही. मंडळीतील एका निवृत्त नर्सबाईंनी हे ओळखले. दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच त्या येऊन बसू लागल्या. सुनेला म्हणाल्या, “पोरी, हे तीन तास तुझे. माहेरी आल्यासारखी झोप.” त्या तीन तासांनी आमचे घर तगले, असे माझे मत आहे.

एप्रिल २०२३ मध्ये, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, उपकारस्तुतीची सभा झाली. पत्नी काठी घेऊन उभी राहिली. देवाचे आभार तिने दोन शब्दांत मानले. मग सुनेला जवळ ओढले, तिचा हात वर धरला आणि अडखळत म्हणाली, “हिचे... हात.” पुढे तिला शब्द सापडले नाहीत, आणि लागलेही नाहीत.

आजही तिचा उजवा हात खडू धरू शकत नाही. तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण ती चालते, सावकाश बोलते आणि शेजारच्या मुलांना तोंडी पाढे शिकवते.

वाचकांसाठी

तुमच्याकडे चर्च नसेल, भजनी मंडळ असेल, मशिदीची जमात असेल, महिला बचत गट असेल. कोणी आजारी पडले तर ‘काही लागले तर सांगा’ म्हणून निघू नका. संकटातला माणूस सांगत नाही. ‘मंगळवारचा डबा माझा’ किंवा ‘शनिवारी रात्री मी जागतो’ असे नेमके सांगा आणि तो शब्द पाळा. भेट पंधरा मिनिटांची ठेवा. औषधांबाबत स्वतःचे सल्ले देऊ नका.

आणि ज्यांच्या घरी दुखणे आहे त्यांनी मदत घ्यायला संकोच करू नये. देवाचे आभार मानताना, रात्री कूस बदलणाऱ्या घरच्या माणसाचेही आभार त्याचे नाव घेऊन, त्याला ऐकू जाईल असे माना. आज घरी सगळे ठीक असेल, तर रक्तदाब मात्र या आठवड्यातच तपासून घ्या.