पोळलेली तोंडं, थंड ताक

मायामीच्या 'काये ओचो'वर, म्हणजे आठव्या रस्त्यावर, 'व्हर्साय' नावाचं उपाहारगृह आहे. 1971 पासून त्याच्या खिडकीशी उभी राहून क्युबन मंडळी कडक गोड कॉफी पितात आणि राजकारण घोटतात. निवडणूक आली की टीव्हीवाले कॅमेरे घेऊन इथेच धावतात.

2020 मध्ये इथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पॅनिश रेडिओवर एक बोलणं सतत कानावर पडे: बायडन कम्युनिस्ट आहेत, अमेरिकेचं क्युबा होणार. बाहेरच्याला हसू येईल. पण ऐकणारे कोण, ते पाहा.

1960 च्या सुमारास क्युबाच्या राजधानीत, हवानात, कुजबुज सुरू झाली, की क्रांतीतून सत्तेवर आलेलं फिडेल कास्त्रोंचं सरकार आईबापांचा मुलांवरचा हक्क काढून घेणार. तशा कायद्याचा बनावट मसुदाही हातोहात फिरला. असा कायदा कधीच आला नाही. मात्र 1961 मध्ये सरकारने खासगी शाळा खरोखरच ताब्यात घेतल्या, मग अफवेवर विश्वास बसायला कितीसा वेळ लागणार? 1962 पर्यंत 14,000 हून अधिक मुलं एकटीच विमानात बसवून अमेरिकेला धाडली गेली. काहींना आईबाप कित्येक वर्षांनी भेटले, काहींना भेटलेच नाहीत. त्यातली अनेक मुलं आज मायामीत आजी-आजोबा आहेत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे ठीक. पण इथे ताक उकळतंय असं दारोदार सांगत फिरणारेही आहेत. पुढे व्हेनेझुएलातल्या समाजवादी राजवटीत पोळून आलेले या क्युबन मंडळींच्या शेजारी राहायला आले.

छापील कागदही यातून सुटला नाही. 2020 मध्येच मायामीच्या 'एल नुएव्हो हेराल्ड' या स्पॅनिश वृत्तपत्रासोबत येणाऱ्या 'लिब्रे' या जाहिरात-पुरवणीत ज्यू आणि कृष्णवर्णीयांविषयी विखारी मजकूर निघाला. वृत्तपत्राला माफी मागावी लागली. ती पुरवणी वरिष्ठांपैकी कुणी वाचतच नव्हतं!

मायामी-डेड काउंटीत 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी सुमारे 2 लाख 90 हजार मतांची होती. बायडन यांची जेमतेम 85 हजारांची. 2024 मध्ये तर ट्रम्प यांनीच ती जिंकली, 1988 नंतर प्रथमच रिपब्लिकनांकडे. याचं खापर एकट्या अफवांवर फोडणं मला पटत नाही. महागाई होती, घरभाडी होती, आणि कास्त्रोंबद्दलचा राग तर अस्सलच होता.

बरं, 'ही बातमी खोटी' असा शिक्का मारून भागतं का? खरं काय ते सरकारी वृत्तपत्राने ठरवायचं, अशा देशातून आलेल्याला त्या शिक्क्याचाच वास येतो. 2022 मध्ये 'रेडिओ मांबी' हे क्युबन मंडळींचं लाडकं केंद्र विकलं गेलं आणि नव्या मालकांच्या भांडवलात डेमोक्रॅट पक्षाला देणग्या देणारे अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्याशी संबंधित पैसा असल्याचं कळलं, तेव्हा मायामीत निषेध झाले, काही निवेदक सोडून गेले. क्रांतीनंतर क्युबातली खासगी रेडिओ केंद्रंही अशीच एकेक करून गप्प झाली होती, याची तिथे कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.