टर्मिनलच्या खिडकीत मराठी नावे का मोडतात?

आपल्या शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये लिनक्स बसवलेले आहे, हे पालकांना ठाऊक आहेच. नववीपासूनचे विद्यार्थी त्यात टर्मिनलची खिडकी वापरतात. आज्ञा टाइप करायची आणि उत्तर खाली ओळीओळीने उमटते. याच खिडकीत वर्गाची मराठी यादी उघडली की कधी नुसते चौकोन दिसतात, कधी प्रश्नचिन्हे, तर कधी मात्रा अक्षरापासून सुटून भलतीकडेच पडलेल्या. मुले म्हणतात, कम्प्युटरला मराठी येतच नाही. विश्वस्तांपैकी काहींनी सुचवले की नावे सरळ रोमनमध्ये ठेवावीत, म्हणजे कटकट मिटेल.

ही सूचना आम्हाला पटलेली नाही. रोमनमध्ये काळे आणि काले एक होतात. हिंदी भाषक प्रदेशात राहणाऱ्या आपल्या घरांतून ‘ळ’ तसाही हळूहळू निसटतो आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, हिंदीशी आमचे काही वाकडे नाही. पण मुलाचे आडनाव दाखल्यावर जसे आहे तसेच यादीत असले पाहिजे. शिवाय बहुतेक वेळा फाइलमधले नाव शाबूतच असते, चूक दाखवणाऱ्या खिडकीची असते. म्हणून आधी ही खिडकी काय आहे ते पाहू.

बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा कम्प्युटरशी संवाद टेलिटाइप नावाच्या यंत्रावरून होत असे. ते यंत्र कागदाच्या गुंडाळीवर खटाखट अक्षरे उमटवी. पुढे कागदाच्या जागी काच आली. डीईसी कंपनीचे व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ साली निघाले, त्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे. १९८४ साली मार्क वँडेव्होर्ड यांनी ‘एक्सटर्म’ लिहायला घेतले आणि ते यंत्र पडद्यावरची एक खिडकी झाले. आजही पुष्कळ टर्मिनल उघडताना ८० बाय २४ च्याच मापाने उघडतात. खिडकी ही त्या जुन्या यंत्राची नक्कल आहे आणि त्याचा नियमही तिने उचलला आहे : बुद्धिबळाच्या पटासारखी घरे, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला हे चालते. आपल्या जोडाक्षरांना चालत नाही.

आता दोष कुठे आहे ते लक्षणावरून ओळखायचे, वैद्य जीभ पाहतात तसे.

चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. अक्षर पोचले आहे, पण त्याचे चित्र यंत्रापाशी नाही. लोहित किंवा नोटो मालिकेतला देवनागरी फॉन्ट बसवला आणि खिडकी नव्याने उघडली की काम होते.

प्रश्नचिन्हे दिसली तर ‘लोकेल’ पाहावे. लोकेल म्हणजे प्रोग्रामला सांगितलेली भाषा, प्रदेश आणि अक्षरसंकेत. ‘लोकेल चारमॅप’ ही आज्ञा द्यावी (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन छोट्या लिपीत कराव्यात). उत्तर ‘यूटीएफ-८’ असे आले पाहिजे. उत्तरात १९६८ हा आकडा असलेले नाव आले, तर यंत्र त्या सालच्या अमेरिकन संकेतावर चालले आहे. त्यात देवनागरीला जागाच नाही. अशा वेळी ‘लँग’ या चलाची किंमत यूटीएफ-८ असलेल्या लोकेलवर ठेवावी. त्यासाठी मेनू मराठीत करावे लागतात असे नाही, भारतीय इंग्रजीचे लोकेलही पुरते. तरी फरक पडला नाही तर ‘एलसी-ऑल’ नावाचे चल कोणी भरून ठेवले आहे का ते बघावे. ते लँगवर मात करते आणि पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाच्या खुणा, असा कचरा ओळभर दिसला तर खिडकीच चुकीच्या संकेतावर आहे. यूटीएफ-८ हा संकेत केन थॉम्पसन यांनी रॉब पाईक यांच्यासोबत १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाश्चात्त्य संकेतावरची खिडकी त्यांना तीन वेगळी अक्षरे समजते. टर्मिनलच्या मेनूत संकेत बदलावा. एक्सटर्म असेल तर त्याऐवजी ‘यूएक्सटर्म’ उघडावे.

इथपर्यंतची दुखणी बरी होणारी आहेत. चौथे चिवट आहे. अक्षरे सगळी आहेत, पण शिंदे मधली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न बसता नंतर बसते आणि गोऱ्हे मधला ‘ऱ्ह’ फुटून हलन्त दिसतो. ‘गोऱ्हे’ डोळ्याला दोन अक्षरे. कम्प्युटर साठवतो सहा चिन्हे : ग, ओकार, ऱ, हलन्त, ह, एकार. म्हणजे अठरा बाइट. टर्मिनलच्या पटावर मात्र हलन्त आणि एकार यांना घर नाही. ओकाराला कोणी घर देतो, कोणी देत नाही. त्यामुळे दोन अक्षरांना प्रोग्रामप्रमाणे तीन किंवा चार घरे लागतात. खिडकीचा हिशेब एक आणि आतल्या प्रोग्रामचा दुसरा, म्हणून कर्सर सरकतो आणि एक अक्षर पुसायला जावे तर दुसरेच पुसल्यासारखे दिसते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी जरूर करावा. ‘एको’ आज्ञेने गोऱ्हे लिहून ते ‘डब्ल्यूसी’ला द्यावे. ‘सी’ पर्यायाने १९ येतील, ‘एम’ पर्यायाने ७ (ओळ संपल्याची खूण दोन्हीकडे एक जास्त धरली जाते). ‘एम’नेही १९ आले, तर लोकेल बिघडले आहे हे समजावे.

यावर सेटिंग बदलून पुरा इलाज होत नाही. ‘एमएलटर्म’ नावाचे टर्मिनल भारतीय लिपींची जुळणी करते, ते बसवून बघण्यासारखे आहे. पण आमचे मत असे की यादी टर्मिनलमध्ये तपासूच नये. तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की नाव नीट जुळून दिसते, कारण तिथे घरांचा पट नाही. टर्मिनलमध्ये मोडके दिसले म्हणून नाव ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. चांगल्या नावाचा बिघाड होतो तो अशानेच.

फाइलची नावेही मराठीत ठेवता येतात. मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे मात्रा धरून ८५ चिन्हे. तेवढी पुरावीत!

लॅबमधल्या आणखी दोन तक्रारी. ‘हँग झाला’ असे म्हणून मुले बटण बंद करतात आणि न साठवलेले काम जाते. पुष्कळदा चुकून कंट्रोल आणि एस दाबले गेलेले असते, ही टेलिटाइपला थांबवण्याची जुनी खूण. कंट्रोल आणि क्यू दाबले की खिडकी पुन्हा चालू. दुसरी, चित्राची किंवा गाण्याची फाइल ‘कॅट’ आज्ञेने उघडली की कधी पुढचे सगळे अगम्य दिसू लागते. त्या फाइलमधले काही बाइट टर्मिनलने हुकूम म्हणून घेतलेले असतात. न घाबरता, दिसो वा न दिसो, ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबावे. इंटरनेटवर वाचून ‘टर्म’ चलाची किंमत मात्र स्वतःच्या मनाने भरू नये, ती खिडकी आपली आपण भरते.

‘ळ’ आणि ‘ऱ’ कुठे आहेत, असे मुले विचारतात. इन्स्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट धरून एन दाबले की ‘ळ’, शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’. कळपाट हिंदीचा निवडला असला तरी दोन्ही तिथेच असतात.

वर्गवार याद्या एडिटरमधून छापून सूचनाफलकावर लावल्या जातील. पालकांनी आपल्या पाल्याचे नाव दाखल्याशी ताडून पाहावे आणि फरक आढळल्यास कार्यालयात लेखी कळवावे.