ओढ्यातील दगडाखालचे जग

(आकाशवाणीवरून झालेले भाषण)



नदीची प्रकृती कशी आहे हे पाहावयाचे झाल्यास आपण पाण्याच्या रंगाकडे पाहतो. पाणी निर्मळ दिसले की नदी सुस्थितीत आहे असे आपण समजतो. परंतु ही परीक्षा पुरी नव्हे. शाळेत असताना निसर्गपाठाच्या तासाला मी मुलांना ओढ्यावर नेत असे व एकच काम सांगत असे : वाहत्या पाण्यातील एक दगड हळूच उलटा करा, त्याच्या खालच्या अंगास काय आहे ते पाहा, आणि तो होता तसा ठेवून द्या.

निरोगी ओढ्यातील दगडाखाली एक गावच वसलेले असते. एक चपटा किडा दगडाला चिकटून बसलेला असतो. त्याच्या शेपटाला दोन-तीन बारीक तंतू आणि पोटाच्या दोन्ही बाजूंस पानांसारखे कल्ले असतात. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य फार तर एक-दोन दिवसांचे. बाकी सारा जन्म पाण्यात. दुसरी एक अळी वाळूचे कण आणि पानांचे कपटे आपल्या रेशमाने सांधून स्वतःभोवती नळी बांधते. शिवाय चतुराची पिले, लहान झिंगे, खेकडे, गोगलगायी. यांतील बरीच मंडळी दगडावरचे शेवाळ व काठच्या झाडांची गळलेली पाने खातात, आणि मासे त्यांना खातात. म्हणजे ओढ्यातील माशाचे अन्न बऱ्याच अंशी काठावरच तयार होते.

आता कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचे उदाहरण घेऊ. महाबळेश्वरी पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उतारावरचे रान तोडून तेथे शेत केले, नांगरट ओढ्याच्या कडेपर्यंत नेली, तर त्या पावसाबरोबर माती थेट पाण्यात उतरते. मोठे दगड जागच्या जागी राहतात, पण त्यांमधील फटी बारीक गाळाने बुजतात. गावातील सर्व घरांची दारे लिंपून टाकावीत, तसा हा प्रकार होय. कल्ल्यांवर गाळ बसतो, नळी बांधणाऱ्या अळीला जागा उरत नाही, आणि खडीत पडलेल्या माशांच्या अंड्यांना वाहते पाणी न मिळाल्याने ती गुदमरतात.

त्यातच काठची झाडे तुटली म्हणजे सावली जाते व पाणी तापते. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. श्वासास लागणारी वस्तू कमी होते, आणि उष्णतेमुळे जिवाची गरज मात्र वाढते.

खाली वाईच्या पुढे खोरे रुंदावते आणि उसाचे राज्य सुरू होते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र द्यावे अशी आपल्या राज्यातील शिफारस आहे. युरियात नत्र शेकडा ४६ असते; सारे नत्र त्यातूनच द्यावयाचे म्हटले तर एकरी सुमारे साडेतीनशे किलो युरिया लागतो. पीक हे सारे घेत नाही. उरलेले काही हवेत जाते, काही पाटाच्या व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यास मिळते. तेथे ते शेवाळास खत होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी पाहणाऱ्याला काहीच बिघाड दिसत नाही. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागते. ते कुजू लागले म्हणजे जंतूंचीही त्यात भर पडते, आणि पहाटे पाण्यात प्राणवायू अगदी थोडा उरतो. मासे पहाटे मेलेले आढळतात, त्याचे एक कारण हे आहे. कीटकनाशकांविषयी फार सांगावयास नको. पिकावरचा किडा आणि ओढ्यातला किडा यांत त्या औषधाला भेद करता येत नाही; फवारणीचा पंप ओढ्यात धुणे हे त्या गावावर विष ओतणेच होय.

यावर पुष्कळजण म्हणतात, "पण ओढ्यात अजून मासे आहेत ना?" आहेत, परंतु कोणते? मरळ व मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते वाईट पाण्यातही तग धरतात. खडकाला चिकटून राहणारे डोंगरी ओढ्यांतील लहान मासे, किंवा १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला आणि शास्त्रीय नावात 'खुदरी' हा शब्द बाळगणारा महासीर, यांना वाहते, स्वच्छ पाणी हवे. किड्यांचेही तसेच. चपटे किडे नाहीसे होऊन गाळात रक्तासारख्या तांबड्या अळ्या वळवळू लागल्या, की पाणी बिघडले असे समजावे; थोड्या प्राणवायूवर निभावून नेण्याची सोय त्यांच्या रक्तात असते. अमेरिकेत जेम्स कार यांनी १९८१ साली माशांच्या जाती व संख्या पाहून नदीस गुण देण्याची पद्धत मांडली. परीक्षेत केवळ हजेरी न पाहता कोण हजर आहे हे पाहावे, असाच तिचा अर्थ.

उपाय अवघड नाही. काठाला गवत आणि उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज यांची पट्टी राखावी. ती माती अडवते, खताचा काही अंश शोषते, सावली व पालाही देते. उतारावर समतल बांध घालावेत. खत ठिबकाने थोडे थोडे द्यावे. परंतु येथेच खरी अडचण आहे. दोनशे फूट काठाची पंधरा फूट रुंद पट्टी सोडली तर पावणेतीन गुंठे जमीन जाते. एकरभर जमिनीच्या धन्याला हे नुकसान लहान नाही, आणि लाभ मात्र खालच्या सर्व गावांना होतो. तेव्हा शेतकऱ्यास दोष देऊन मोकळे होणे आपणा शहरवासीयांना शोभत नाही. त्याची साखर आपण खातो, त्याची स्ट्रॉबेरी आपण आणतो. शिवाय खालच्या पात्रात आपल्या गटारांनी केलेली घाण त्याच्या खताहून कमी नाही. त्या पट्टीची भरपाई सर्वांच्या तिजोरीतून व्हावी, अशी मागणी आपणच केली पाहिजे.

येत्या सुट्टीत मुलाबाळांसह डोंगराकडे गेलात तर एखाद्या ओढ्यातील दगड उलटून पाहा. तेथे कोण राहते ते मुलांना मोजू द्या, वहीत लिहून ठेवू द्या, आणि पुढील वर्षी त्याच जागी पुन्हा न्या. दगड मात्र होता तसा ठेवावयास विसरू नका.