जीपचा पंखा बदलला, पण आधी वायर जाळली

आज ॲप नाही, मोबाईल नाही. आज बोलायचंय घाटनांदूरच्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या जुन्या कमांडर जीपबद्दल. एकेकाळी ती काळी-पिवळी होती. अण्णांनी तिच्यावर अंबाजोगाईच्या फेऱ्या मारल्या आणि त्याच पैशांतून माझं बीटेक झालं. आता ती घरच्या कामाला आहे. तर तिच्या इंजिनला हात लावताना मला किती टेन्शन आलं असेल, समजून घ्या.

जुन्या जीपमध्ये रेडिएटरमागचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो. फॅन बेल्ट फिरला की पंखा फिरतो. म्हणजे इंजिन हळू, तर पंखाही हळू. आता बघा, गाडी साठच्या स्पीडला असते तेव्हा समोरून वारा येतोच, पंख्याची फारशी गरज नसते. गरज असते ती बाजाराच्या गर्दीत, नाहीतर चढावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे रांगताना. नेमका तेव्हाच तो सुस्त! आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो खेचत असलेली ताकद आठपट होते, तिप्पट झाला की सत्तावीसपट. म्हणजे रिकाम्या रोडवर डिझेल जाळून आपण नको असलेला वारा घालतोय.

मारुती ८०० मध्ये पंखा इलेक्ट्रिकच होता. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, पुलीचं तोंड गाडीच्या बाजूला, त्यामुळे समोरच्या रेडिएटरला बेल्टचा पंखा जमतच नव्हता. अँबेसिडर आणि पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणून त्यांना तो जमला.

इलेक्ट्रिक पंख्याला तापमानाचा स्विच असतो. आमच्याकडचा ९२ डिग्रीला चालू, ८७ ला बंद. मधला फरक मुद्दाम ठेवतात, नाहीतर रिले सारखा टकटक करत बसेल. आमचा थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो. स्विच त्याच्या वरचाच हवा, खालचा घेतला तर पंखा कधी थांबणारच नाही. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा बसवा, आणि भोवती पत्र्याची शीट हवी. ती नसेल तर पात्यांसमोरच्या गोल भागातूनच हवा जाते, कोपरे तसेच तापतात. वायर उलटी जोडली तर पंखा उलटा फिरून समोरच्या वाऱ्याशीच भांडतो. हात नाही, कागदाचा तुकडा धरून बघा.

आता माझा पराक्रम. भंगारातून एका कारचा पंखा आणला. तो १५ ते २० अँपिअर घेणारा. मी घरात उरलेली एक स्क्वेअरची वायर टाकली आणि वर ३० चा फ्यूज. बीटेक बरं का! फ्यूज पंख्याला नाही, वायरला वाचवायला असतो. वायरच्या ताकदीपेक्षा फ्यूज मोठा असेल तर आधी वायर जळणार.

मे महिन्यात तेच झालं. चढावर पंख्याजवळचा कनेक्टर वितळला. आणि ही जुनी डिझेल गाडी, पंप मेकॅनिकल, तिला चालायला करंट लागतच नाही. पंखा बंद, इंजिन मजेत चालू, पाणी उकळायच्या बेतात. बेल्ट तुटला असता तर निदान चार्जिंगचा दिवा लागला असता. इथे काहीच नाही. अण्णा एकदम म्हणाले, "बाळा, आवाज का येईना रे?" आणि त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो, तर हात धरून थांबवलं. गरम पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडालं असतं. तासभर लिंबाखाली बसलो. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. हेड गॅस्केट वाचलं, एवढंच.

मग नीट केलं. चार स्क्वेअरची वायर, वेगळा रिले, फ्यूज बॅटरीजवळ. इंजिनवर दुसरा स्विच, १०५ डिग्रीला बझर वाजवणारा. हा बझर माझ्या मते पंख्याइतकाच महत्त्वाचा. अल्टरनेटरही मोजावा लागतो: हेडलाइटचेच १० अँपिअर, वर पंखा, आणि इंजिन हळू असताना अल्टरनेटर कमीच देतो. रात्री गर्दीत बॅटरी उतरू शकते.

ॲव्हरेजचं विचारताय? पंख्याची वीजही इंजिनच बनवतं, फुकट काही नाही. बचत एवढीच की तो बराच वेळ बंद असतो. आणि रेडिएटर चोक असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, तर पंखा बदलून काही होणार नाही. मिस्त्रीकडून ते आधी बघून घ्या.

जुना पंखा अण्णांनी टाकू दिला नाही. मागच्या सीटखाली, बोल्टसकट, पोत्यात बांधून ठेवलाय. सोबत पानाही.