पिझ्झेल्ले : प्रार्थनेच्या मापाने भाजला जाणारा इटलीचा खाऊ

आगमनकाळाच्या सुरुवातीस एका धर्मग्रामातील एक माउली कापडात गुंडाळलेली जड वस्तू घेऊन भेटावयास आल्या. त्यांची कन्या काही वर्षांपासून इटलीत वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते. ज्या आजीबाईंची ती सेवा करीत होती, त्या प्रभूघरी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. अंथरुणास खिळण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातील एक लोखंडी साचा त्या मुलीच्या हाती ठेवला होता, आणि सुट्टीवर येताना तिने तो आईकडे आणला. दोन लांब दांड्या, त्यांच्या टोकांना एकमेकींवर मिटणाऱ्या दोन चपट्या तबकड्या. एकीवर फुलाची नक्षी, दुसरीवर जाळी आणि मधोमध दोन अक्षरे. माउलींचा प्रश्न असा होता : "फादर, हा ओस्तिया भाजायचा साचा तर नाही ना? घरात ठेवला तर चालेल का?"

तो साचा मिस्साच्या भाकरीचा नव्हता. तो पिझ्झेल्ले नावाच्या, बडीशेपेसारख्या सुवासाच्या कुरकुरीत, पातळ कुकीचा होता. तरीही माउलींची शंका निराधार नव्हती. या दोन साच्यांचे नाते खरोखरच जवळचे आहे. ते नाते आणि हा खाऊ घरी करण्याची रीत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

नाव आणि गाव

मध्य इटलीत, रोमच्या पूर्वेस, आपेनाईन पर्वत आणि आड्रियाटिक समुद्र यांच्या दरम्यान आब्रुझो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. पिझ्झेल्ले मूळचे तेथील. 'पिझ्झेल्ला' हे एकवचन, 'पिझ्झेल्ले' हे अनेकवचन. आपल्या परिचयाच्या 'पिझ्झा' या शब्दाचेच ते लघुरूप असून त्याचा अर्थ लहान, गोल, चपटा पदार्थ असा होतो. मात्र गावोगावी नावे बदलतात. बऱ्याच ठिकाणी त्यांस 'फेर्रातेल्ले' म्हणतात. लोखंडाला इटालियन भाषेत 'फेर्रो' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. शेजारच्या मोलिझे प्रांतात 'कांचेल्ले' हे नाव आढळते; त्यात जाळीचा किंवा फाटकाच्या गजांचा अर्थ आहे, कारण कुकीवर तशीच नक्षी उमटते. ओर्तोना या समुद्रकाठच्या गावात 'नेवोले' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'नेबुला', म्हणजे धुके किंवा विरळ ढग, यापासून आला. इतका पातळ पदार्थ, म्हणून ढगाचे नाव.

नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि लग्नसमारंभ हे पिझ्झेल्लेचे खास दिवस. लग्न ठरलेल्या मुलीच्या आंदणात तिच्या कुळाची आद्याक्षरे आणि कधी कधी लग्नाचे वर्ष कोरलेला साचा देण्याची रीत तेथे होती. लोहार तो घडवून देई. पुढे त्या घरात जितकी नाताळे आली, तितक्यांदा कुकीवर तीच अक्षरे उमटत. आपल्याकडे आजीच्या नावाची पितळी भांडी असतात, तसेच हे.

वेदीजवळच्या साच्याशी नाते

पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत मिस्सासाठी बेखमीर भाकर वापरण्याची रीत नवव्या शतकापासून रुजत गेली आणि अकराव्या शतकापर्यंत सर्वमान्य झाली. ही पातळ भाकर भाजण्यासाठी मठांमध्ये दोन तबकड्यांचे लोखंडी चिमटे वापरले जात. तबकडीवर क्रूस, कोकरू किंवा येशूच्या नावाची अक्षरे कोरलेली असत. मऊ पीठ मध्ये ठेवून चिमटा मिटला आणि विस्तवावर धरला, की काही क्षणांत चित्रासह भाकर तयार होई.

हेच तंत्र मठाच्या भिंतीबाहेर आले. पिठात अंडे, मध, पुढे साखर आणि तूपतेल मिसळू लागले, आणि सणासुदीचा गोड पदार्थ जन्मास आला. फ्रान्समध्ये अशा पातळ चकत्यांना 'उब्ली' म्हणत. तो शब्द लॅटिन 'ओब्लाता', म्हणजे 'अर्पण केलेली', यावरून आला. अर्पणाच्या भाकरीचे नाव खाऊला चिकटून राहिले. बेल्जियमचे वॉफल, नॉर्वेचे क्रुमकाके आणि आब्रुझोचे पिझ्झेल्ले ही सर्व एकाच कुटुंबातील भावंडे होत.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. दिसण्यात साम्य असले, तरी दोन्ही वस्तू एक नव्हेत. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमानुसार मिस्साची भाकर केवळ गव्हाची आणि ताजी असावयास हवी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम' या दस्तऐवजाने, या भाकरीत फळे, साखर किंवा मध मिसळणे हा गंभीर गैरप्रकार आहे, असे बजावले. म्हणजे पिझ्झेल्ले कितीही पवित्र दिवशी केले, तरी ते वेदीवरचे अन्न होत नाही. आणि तसा साचा घरी ठेवण्यात कोणताही दोष नाही.

साहित्य

आब्रुझोतील गृहिणी वजनाकाट्याने मोजत नाहीत. जितकी अंडी तितके चमचे साखर, तितकेच चमचे ऑलिव्ह तेल, आणि मैदा 'मावेल तेवढा', असे त्यांचे गणित. नवशिक्याला मात्र माप असलेले बरे. पुढील साहित्यात मध्यम आकाराच्या सुमारे २५ कुकी होतात :

अंडी ३, साखर १५० ग्रॅम, वितळवून कोमट केलेले लोणी किंवा तेल १०० ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ लहान चमचा, चिमूटभर मीठ, आणि अ‍ॅनिस १ मोठा चमचा. जुन्या पद्धतीत बेकिंग पावडर नसते. ती गाळली, तर कुकी अधिक पातळ आणि कडक होते.

अ‍ॅनिस म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे येणारच. ही भूमध्य समुद्राभोवती पिकणारी एक वनस्पती. तिचे दाणे आपल्या बडीशेपेपेक्षा बारीक असतात. जिरे, धने, ओवा, शेपू आणि बडीशेप ही सर्व त्याच कुळातली. अ‍ॅनिस आणि बडीशेप या दोहोंचा गोड सुवास अ‍ॅनेथोल नावाच्या एकाच द्रव्यामुळे येतो. म्हणून अ‍ॅनिस न मिळाल्यास बडीशेप मंद आचेवर किंचित गरम करून जाडसर कुटावी आणि दीड चमचा घालावी. मसाल्यातील चक्रीफूल ही वेगळ्या कुळातील वनस्पती असली, तरी तिच्यातही अ‍ॅनेथोलच असते. त्याची पूड पाव चमचा पुरे. चक्रीफुलासारखेच दिसणारे एक जपानी फळ विषारी असते, म्हणून ते खात्रीच्या किराणा दुकानातूनच घ्यावे.

कृती

अंडी आणि साखर फिकट, फेसाळ होईपर्यंत घोटावीत. त्यात लोणी, मीठ आणि कुटलेले दाणे घालावेत. मैदा व बेकिंग पावडर एकत्र चाळून थोडी थोडी मिसळावी. मैदा घातल्यावर फार घोटू नये. त्याने पिठाला चिवटपणा येतो. चमच्यावरून सावकाश, जाडसर थेंबांनी पडेल इतपत पीठ असावे. ते अर्धा तास झाकून ठेवावे. दाण्यांचा सुवास तोवर पिठात उतरतो.

साचा मंद ते मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरला, तर साचा तयार समजावा. सुती फडक्याने आत तेलाचा पुसट हात फिरवावा. पीठ नेमके मध्यभागी, एक मोठा चमचा ठेवावे आणि साचा मिटून दांड्या घट्ट धराव्यात. सुरुवातीस वाफ जोरात निघते, हात सांभाळावा. वाफ ओसरू लागली, की साचा उलटावा.

प्रत्येक बाजूस किती वेळ? येथेच आब्रुझोची खरी गंमत आहे. घड्याळ न पाहता तेथील वृद्ध स्त्रिया एका बाजूस एक 'नमो मरिया' आणि दुसऱ्या बाजूस एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत. प्रार्थना संपली, की कुकी झाली. आपल्या मराठीतही सावकाश म्हटलेल्या नमो मरियाला वीसेक सेकंद लागतात आणि प्रभूच्या प्रार्थनेस थोडे अधिक. पातळ पिठाला एवढा वेळ बरोबर पुरतो. घाईघाईने प्रार्थना उरकली, तर कुकी कच्ची राहते! हे मी माउलींना सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग आमच्या घरच्या साऱ्या कच्च्याच निघतील, फादर."

पहिली एक-दोन पिझ्झेल्ले चिकटतात किंवा डागाळतात. त्याने खचू नये. साच्याला तेल मुरावे लागते. बऱ्याच काळाच्या पडून राहिलेल्या साच्यावर गंज असेल, तर कोरड्या ब्रशने तो घासावा, तेल लावून साचा तापवावा, आणि पहिली दोन-तीन पिझ्झेल्ले टाकून द्यावीत. काम झाल्यावर लोखंडी साचा साबणाने धुऊ नये. गरम असतानाच कोरड्या ब्रशने साफ करून तेलाचा हात फिरवून ठेवावा.

साच्यातून काढलेली कुकी मऊ असते आणि मिनिटभरात कडक होते. उष्णतेने पातळ झालेली साखर थंड होताना घट्ट बसते, म्हणून असे होते. याचा उपयोग करून गरम असतानाच ती लाकडी दांडीभोवती गुंडाळून नळी करता येते, किंवा वाटीवर दाबून द्रोण. सपाट हवी असल्यास जाळीवर एकेक वेगळी निववावी. गरम कुकी एकावर एक रचल्यास अडकलेली वाफ त्यांना मऊ पाडते. आब्रुझोत दोन कुकींमध्ये द्राक्षांचा घट्ट मुरंबा भरून जोडीने खाण्याचीही पद्धत आहे.

आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत साखर ओलावा ओढून घेते. म्हणून पूर्ण निवताच कुकी हवाबंद डब्यात भराव्यात. मऊ पडल्याच, तर कोमट तव्यावर क्षणभर ठेवून निववाव्यात. कुरकुरीतपणा परत येतो.

असा साचा नसेल, तर आइस्क्रीमचे कोन करण्याचे विजेचे सपाट यंत्र चालते. खोल चौकटीच्या वॉफल यंत्रात पीठ जाड राहते, ते चालत नाही. आपण नाताळात रोझ कुकीज ज्या फुलाच्या साच्याने करतो, तोही येथे निरुपयोगी. तो पिठात बुडवून उकळत्या तेलात धरावयाचा असतो, तर पिझ्झेल्ले तळले जात नाहीत, भाजले जातात. दोन्हींत लोखंडावरची नक्षी मात्र सारखीच पिठावर उतरते.

साच्याचा प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी दारिद्र्यामुळे लक्षावधी इटालियनांनी मायभूमी सोडली. आब्रुझोचे अनेक जण अमेरिकेत पेनसिल्वेनिया आणि ओहायो येथील कोळशाच्या खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत राबले. मोजक्या सामानात काही स्त्रियांनी हा जड साचाही नेला. आजही पिट्सबर्ग आणि यंग्सटाउन या शहरांत लग्नाच्या दिवशी नातलग स्त्रियांनी घरी केलेल्या कुकींचे मोठे टेबल मांडतात आणि त्यावर पिझ्झेल्ले असतातच. भाषा पुढच्या पिढ्यांत विरून गेली, साचा राहिला.

आज प्रवासाची दिशा पालटली आहे. आपल्या मुली इटलीत जाऊन तेथील वृद्धांना भरवतात, त्यांचे केस विंचरतात, शेवटच्या रात्री त्यांच्या उशाशी बसतात. त्या आजीबाईंच्या कुळात आंदण देण्यास मुलगी उरली नव्हती. त्यांनी ते एका मराठी मुलीला दिले.

माउलींचा दुसरा प्रश्न जाता जाता आला. साच्यावरची ती अक्षरे लोहाराकडून घासून आपल्या मुलीची घालून घ्यावीत का? मी म्हटले, घासू नका. मृत श्रद्धावंतांसाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी तर अधिकच. दर नाताळात साच्याची एक बाजू भाजताना म्हणावयाची नमो मरिया त्या आजीबाईंसाठी म्हणा. नाव ठाऊक नसले तरी अक्षरे समोर असतीलच.

"नाव ठाऊक आहे की," माउली म्हणाल्या. "मुलगी रोज फोनवर त्यांच्याविषयीच बोलायची."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक डबा धर्मगुरुनिवासात आला. कुकी काठाला थोड्या करपल्या होत्या. प्रार्थना सावकाश झाली असावी.