खाडीचे पाणी आणि होडीचा तळ

धरमतरच्या पुलावरून एस. टी. जाते तेव्हा आपण खिडकीतून खाली पाहिलेच असेल. सकाळी जाताना खाडी काठोकाठ भरलेली असते. दुपारी परत यावे तर दोन्ही अंगांना काळा चिखल उघडा पडलेला, आणि मधून पाण्याची पट्टी वाहते आहे. पेणची भोगावती, नागोठण्याची अंबा, रोह्याची कुंडलिका, तिन्हींची तऱ्हा हीच. आता सांगा, ज्या वाटेवर दिवसातून दोनदा पाणी येते आणि दोनदा जाते, त्या वाटेवर चालणारी होडी कशी असावी?

हा प्रश्न इथल्या सुतारांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवला. मुंबई-गोवा हमरस्ता वाहता झाला, पुढे 1986 साली आगगाडी रोह्यापर्यंत आली आणि शिडाच्या पडावांचे दिवस संपले. त्याआधी या भागाचा तांदूळ, मीठ, गवत आणि सरपण मुंबईला जाई ते पाण्यावरून. पेणच्या अंतोरे बंदरात पडाव लागत, पण कधीही नव्हे, भरतीला.

म्हणून पहिले गणित भरतीचे. ते पंचांगावरून तोंडी करता येते. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. येईल तितके वाजता भरती पुरी होते. पंचमीला पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. (अष्टमी म्हणजे तिथी बरे का, रोह्यापलीकडचे गाव नव्हे!) एक भरती दुपारची, दुसरी पहाटेची, मध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही उशिरा येते. हे गणित मुंबईच्या समुद्राचे; खाडीत जितके आत जाल तितका उशीर जास्त धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी कधी कधी चार मीटरांहूनही अधिक चढते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याला जोर नाही. जड पडाव वरच्या बंदराला न्यायचा तर उधाण साधावे लागे. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घ्यावे. खारेपाटातली मुले ते पाढ्यांपेक्षा लवकर शिकतील.

आता होडीकडे वळू. भर समुद्रात जाणाऱ्या गलबताचा तळ खोल आणि निमुळता असतो. तळातून नाळेपासून सुकाणूपर्यंत जाणारा मुख्य वासा, त्याला पठाण म्हणतात, तो पाण्यात खोल असला म्हणजे वारा बाजूने आला तरी होडी आडवी सरकत नाही. पण हेच गलबत खाडीत ओहोटीला सापडले तर काय होईल? पाणी जाईल, गलबत एका कुशीवर पडेल, आणि पुढची भरती कलत्या काठावरून आत शिरेल. खाडीच्या पडावाचा तळ म्हणूनच रुंद आणि चपटा. पाणी गेले की तो चिखलावर सपाट बसतो, म्हशीसारखा. माल तिथेच उतरवायचा, पाणी आले की निघायचे. वाऱ्यावर तो थोडा आडवा सरकतो खरा, पण खाडीत तेवढे चालते. एक गुण घ्यायचा तर दुसरा थोडा सोडावा लागतो, आणि कुठला सोडायचा हे पाणी पाहून ठरवायचे. सगळे गुण असलेली होडी अजून कोणी बांधलेली नाही.

रुंद तळाचा आणखी एक फायदा आहे. नारळाची करवंटी आणि पत्र्याचा एक चपटा डबा पाण्यात सोडा. बोटाने टोचले तर करवंटी गरकन कलते, डबा फारसा कलत नाही. डबा कलला की खालच्या अंगाचा अधिक भाग पाण्यात जातो, आणि पाणी त्याला उलट वर रेटते. आता डब्याच्या तळाशी पाच-सहा खडे ठेवा. तो आणखी निश्चल होईल. तेच खडे डब्यावर फळी टाकून फळीवर ठेवा, आणि जरा धक्का द्या. डबा उलटलाच! वजन तेच, फक्त जागा बदलली. मिठाचा पडाव जड असूनही भरवशाचा, कारण मीठ थोड्या जागेत, तळाशी बसते. गवताचा पडाव वजनाने हलका, पण डोक्यावर गंजी घेऊन चाललेला, आणि वाऱ्याला ती गंजी म्हणजे दुसरे शीडच. रिकामा पडाव परत नेताना तांडेल तळाशी नीरम भरतो, म्हणजे दगड किंवा वाळू, तेही याच कारणाने.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. डब्यात खड्यांऐवजी सुट्या गोट्या टाका आणि डबा किंचित कलवा. सगळ्या गोट्या खालच्या अंगाला धावतील आणि डबा उलटेल. खडे जागच्या जागी राहतात, गोट्या राहत नाहीत. होडीत माणसे बसतात ती गोट्यांसारखी. तळाशी साचलेले पाणीही गोट्यांसारखेच, म्हणून ते उपसायचा आळस करू नये.

हे सांगताना 17 जुलै 1947 चा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. 'रामदास' ही आगबोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. अमावास्येचा सण, घरी निघालेली माणसे. वाटेत वादळी वारा आणि पाऊस. एका मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका अंगाला धावले, आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवशीचे कोणी ना कोणी आहे. दोष उतारूंचा म्हणायचा नाही. भीती वाटली की माणूस पळणारच. पण बोट कलली असता खाली बसून जागा धरून राहावे, हे आधी कोणी सांगितले असेल तरच ते त्या घटकेला सुचते.

बेताची होडी बांधावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715 च्या सुमारास, आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. वाऱ्यावाचून हलणार नाहीत अशी थोरली जहाजे बांधण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय. आंबा-फणसाचे लाकूड उपयोगाचे खरे, पण रयतेची झाडे तोडू नयेत, हेही तिथेच बजावले आहे. यामागे अनुभव होता. 1679 च्या ऑक्टोबरात खांदेरीच्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांची 'डोव्हर' ही गुराब पकडली; पण 'रिव्हेंज' या जहाजाच्या तोफांपुढे मराठ्यांना हटावे लागले. ते हटले कुठे? आपल्या नागोठण्याच्या खाडीकडे. वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ तळाच्या होड्यांना ती वाट मोकळी होती, इंग्रजांच्या खोल जहाजांना नव्हती. दोन दिवसांनी त्या पुन्हा बाहेर आल्या. खांदेरी शेवटी मराठ्यांकडेच राहिले.

लाकडाचे थोडक्यात सांगतो. फळ्यांना साग, कारण तो पाण्यात फुगत-आकसत नाही. आतल्या वाकड्या बरगड्यांना, म्हणजे वांकांना, बाभळीसारखे जात्याच वाकडे वाढलेले लाकूड. कापून वाकवलेल्यापेक्षा ते टिकते. सांध्यांत कापूस ठासतात. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक किडा असतो, तो शिंपल्याच्या जातीचा. त्याच्यासाठी तळाला चुना आणि चरबी. पावसाळ्यात होडी काठावर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालतात.

आणि एक काम या महिन्यात करण्यासारखे. गावच्या तरीवर होडी रिकामी असताना मुलांना न्या. पाण्यापासून काठापर्यंत किती वीत आहे ते मोजा. मग माणसे भरल्यावर पुन्हा मोजा, आणि काठाच्या खाली हातभर अंतरावर बाहेरून पांढऱ्या रंगाची ठळक रेघ ओढायला तरवाल्याला सांगा. ही रेघ शांत पाण्यापुरती. वारा असेल तर त्याहून कमी माणसे. रेघ पाण्याला टेकली की पुढचा माणूस दुसऱ्या खेपेला. तो माणूस गावचा पाटील असो की आपणच असू.